नील बेटावरचे चार जास्तीचे दिवस

नील बेट, अंदमान
सोमवार, दि. १९ मे २०२५, दुपारचे ३ वाजून १० मिनिटे

ती. सौ. दीप्तीताईस,
प्रशिकचा सप्रेम जयभीम. वि. वि.

हे लिहायला घेतले तेव्हा मी लॉजच्या ओसरीवर बसून दोघांच्या चपलांमधली वाळू झटकत होतो. मेघा समोर समुद्रात आहे. डोळ्यांना काच लावून, छातीएवढ्या पाण्यात मासे पाहते आहे. मी कपडे सांभाळतो असे सांगून वर थांबलो. फोनवर तुझ्याशी बोलता येत नाही, कारण खोली एकच आणि भिंती प्लायच्या. म्हणून आपली जुनी पद्धत. नववीत माझी शाळा सुटली तेव्हा तू अट घातली होतीस की दर रविवारी एक पान लिहून दाखवायचे आणि चुकलेला शब्द दहा वेळा लिहायचा. त्याच सवयीने लिहितो. जेट्टीवर रेंज येते, तिथून कागदाचा फोटो पाठवीन.

आधी खुशाली. विमानात आमच्या जागा नेमक्या आपत्कालीन दाराजवळ आल्या. हवाईसुंदरीने वाकून इंग्रजीत बरेच काही विचारले. मी यस म्हणालो. मग मेघाने हसत सांगितले की काही झाले तर हे दार तुला उघडायचे आहे, तू आत्ताच कबूल केलेस. कोलकात्यापर्यंत मी दार उघडायच्या त्या दांड्याकडे पाहत बसलो. चहा घेतला नाही, जागेवरून उठलो नाही. समोरच्या खिशातले चित्रांचे कार्ड चार वेळा पाहिले. उतरताना ती म्हणाली की एवढ्या जबाबदारीने तर पायलटही बसला नसेल.

बेट छान आहे, असे सगळे म्हणतात. मला मात्र चारही बाजूंना पाणी दिसते आणि परतीची बोट बुधवारी सकाळी नऊला आहे, हे दिवसातून दहा वेळा आठवते.

आता खरे कारण. काल जेवताना मेघाने पिशवीतून एक फॉर्म काढला. तिच्या कॉलेजात लेखा विभागात कारकुनाची जागा निघाली आहे. पदवी बी.कॉम. हवी. शेवटची तारीख २६ मे. तिच्या बाबांनी, म्हणजे मामाजींनी, संस्थेत शब्दही टाकला आहे. ती म्हणाली की इतवारीच्या भांड्यांच्या दुकानात किती दिवस बिले लिहिणार, तुझ्यासारखे अक्षर आणि हिशोब तिथल्या एकाचा नाही. मग पेन हातात घेऊन पदवीचे वर्ष आणि टक्के विचारले. मी म्हणालो, आठवत नाही. ती हसली. तिला वाटले मी लाजतो आहे.

ताई, लग्नाच्या बायोडाटात बी.कॉम. तू लिहिलेस आणि मी गप्प राहिलो. लग्नाला पंधरा दिवस झाले. मी काय करू ते लवकर कळव.

तुझा आज्ञाधारक
प्रशिक

---

कोराडी, वीज केंद्र वसाहत
मंगळवार, दि. २० मे, सकाळी

चि. प्रशिक यास,
ताईचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

इथे पारा पंचेचाळीसच्या वर गेला. कूलरमध्ये बादल्या ओतून ओतून माझी कंबर गेली, आणि तू समुद्राकाठी बसून चपला झटकून राहिला! पाण्यात पाय तरी घाल गा. मासे काही तुझी मार्कशीट मागणार नाहीत.

आई कन्हानला मजेत आहे. शेजारच्या कांताबाईला दोन दोनदा सांगते की माझा पोरगा विमानातून पाण्यातल्या गावाले गेला. काल मला विचारत होती की तिथे जमीन हलते काय.

आता ऐक. काहीही सांगू नकोस. मार्कशीट आईच्या पेटीत आहे, पेटीची किल्ली हरवली, असे म्हण. सव्वीस तारीख निघून जाऊ दे. जागा गेली की विषय गेला. घरी आल्यावर मी बघते. परक्या गावी, चार हात खोलीत, असली गोष्ट कोणी काढते काय?

मी ते काहून लिहिलं, तुले माहीत आहे. तीन पोरींच्या घरून नकार आला होता. आपल्यात पहिला प्रश्न जमिनीचा नसतो, हुंड्याचा नसतो. पोरगा किती शिकला, हाच असतो, आणि असावाही. पण त्यांच्यापैकी एकानेही विचारले नाही की बाबा खाणीतून खोकत घरी आले तेव्हा त्या घरात चौदा वर्षांचा कोण होता. मला राग आला आणि मी दोन अक्षरे लिहिली. मग मेघाच्या बाबांनी, रुपराव गुरुजींनी, तुझी पत्रे वाचली. म्हणाले, ज्याचे ऱ्हस्व-दीर्घ इतके शुद्ध, त्याला प्रमाणपत्र काय मागायचे. तिथे मी फसले. माझीच शिकवणी माझ्या अंगावर आली.

हे स्थळ तुझ्या भाऊजींच्या साहेबांनी आणले आहे, तेही ध्यानात ठेव. तोंड बंद ठेव आणि नारळपाणी पी.

तुझी
ताई

---

नील बेट
बुधवार, दि. २१ मे, सकाळचे ७ वाजून ४० मिनिटे

ती. सौ. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझे पत्र काल अकरा वाजता जेट्टीवर मिळाले. दुपारी चार वाजता मी मेघाला सगळे सांगितले. माझ्यावर रागावू नकोस.

ओहोटीला समुद्र मागे हटतो आणि खडकांवरून चालत दगडाच्या एका मोठ्या कमानीपर्यंत जाता येते. तिथे गेलो होतो. पायाखाली डबकी, डबक्यात निळे तारामासे. घसरू नये म्हणून मेघाने माझा दंड धरला होता. तिने पुन्हा मार्कशीटचे विचारले. पेटी आणि किल्ली माझ्या जिभेवर आली होती. पण दंड धरलेल्या माणसाला मला ते म्हणता आले नाही. मी म्हणालो की मी नववीपर्यंत शिकलो, बी.कॉम. खोटे आहे.

तिने हात सोडला नाही, कारण खडक निसरडा होता. वाळूवर आल्यावर सोडला.

मी मनात हिशोब केला होता, ताई. उद्या नऊची बोट, परवा विमान. मधला एक दिवस कसाही काढू, मग आपापल्या माणसांत जाऊ, तिथे ती रडेल, भांडेल, कोणी समजावेल. लॉजवर आलो तर मालक सांगू लागला की बंदरावर वादळाचा बावटा चढला, उद्यापासून बोटी बंद. किती दिवस, असे मी विचारले. तो हिंदीत म्हणाला की समंदर को पूछो.

आता बाहेर पाऊस आडवा येतो आहे. खोली दहा बाय बारा, पलंग एक, छत्री एक. मेघा काल दुपारपर्यंत मला तू म्हणत होती, आता तुम्ही म्हणते. तुम्ही आधी आंघोळ करा. तुमचा टॉवेल इथे आहे. एवढेच. मी ओसरीवर जातो तर पावसाचे झोत, आत येतो तर ती.

आताच लाऊडस्पीकरवरून पुकारा झाला की आजची बोट रद्द. मला विमानातले ते दार आठवले. तिथे निदान दांडा होता.

कृपालोभ आहे तसाच असू दे.
तुझा
प्रशिक

---

नील बेट
शुक्रवार, दि. २३ मे

सौ. दीप्तीताई यांना,
मेघाचा जयभीम.

प्रशिकने त्याचे कागद आणि फोनवर आलेले तुमचे पत्र काल मला स्वतःहून वाचायला दिले. म्हणाला की आता आणखी काही झाकून ठेवायचे नाही. त्यामुळे पेटी आणि किल्लीही मी वाचली. ताई, तुम्ही लिहिता फार छान. म्हणूनच जास्त लागले.

बोटी अजून बंद आहेत. वीज जाते येते. तीन दिवस आम्ही दोघे एकाच टेबलावर भात आणि मासळी खातो. लॉजच्या मालकिणीला वाटते की नवे जोडपे आहे, लाजते आहे. रोज एक फूल आणून ठेवते. मी रोज ते खिडकीत ठेवते.

मी त्याच्यावर ओरडले नाही, कारण ओरडून झाल्यावर जायला जागाच नाही. दार उघडले की पाऊस आहे. म्हणून बसून विचार केला. बायोडाटात नववी असे खरे लिहिले असते, तर मी भेटायला आले असते का? नसते आले. कागद बाबांनी बाजूला ठेवला असता आणि मी ठेवू दिला असता. एम.ए. झालेली मी, कॉलेजच्या ग्रंथालयात बसणारी, मलाही तेवढेच दिसले असते. हे मला इथे कळले. तुमच्यावर जेवढा राग आला तेवढाच मग स्वतःवर आला. पण त्याने तुमच्यावरचा राग कमी झाला असे समजू नका.

त्याच्यावरचा राग वेगळा आहे. साखरपुड्यानंतर चार महिने मी त्याला माझ्या परीक्षांच्या गमती सांगितल्या आणि तो ऐकून मान हलवत होता. त्या प्रत्येक वेळी मी एकटीच होते, हे मला माहीत नव्हते.

माझे ठरले आहे. बाबांना हे मी सांगणार नाही आणि तुम्हीही सांगायचे नाही. नागपूरला उतरल्यावर, विमानतळावरच, प्रशिकने स्वतः सांगायचे. तुम्ही तिथे येऊ नका. तुम्ही आलात की तुम्हीच बोलाल. त्यानंतर मी इंदोऱ्याला बाबांकडे जाईन. पुढचे मला आज माहीत नाही, आणि माहीत आहे असे दाखवणार नाही.

आईंना माझा नमस्कार सांगा. जमीन हलत नाही, असेही सांगा.

मेघा

---

कोराडी
शनिवार, दि. २४ मे

चि. सौ. मेघा हिला,
आशीर्वाद आणि जयभीम.

तुझे पत्र तीनदा वाचले. उत्तर लिहायला बसले आणि चार ओळींत माझी बाजूच मांडत होते, म्हणून फाडले. चूक माझी आहे. विमानतळावर येणार नाही. तू सांगितलेस तसेच होईल. पोरी, पोटाला मात्र खात जा, एवढे सांगायचा हक्क ठेव.

दीप्तीताई

---

कन्हान
मंगळवार, दि. २७ मे, सकाळचे ६ वाजून २० मिनिटे

ती. सौ. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

आईसाठी चहा ठेवला आहे आणि तो उकळेपर्यंत लिहायला घेतले आहे.

रविवारी बोट सुटली. दोन तास सगळे ओकत होते. मेघाही. मी पिशवी धरली, तिने धरू दिली. काल विमानात मला खिडकी आणि तिला मधली जागा मिळाली. पलीकडचा माणूस झोपलेला. पूर्ण वेळ मी मामाजींना म्हणायचे वाक्य मनात पाठ केले. कोराडीचा धूर दिसू लागला तेव्हा तिने विचारले की कसे सांगणार. मी वाक्य म्हणून दाखवले. ती म्हणाली की फार लांब आहे.

मामाजी बाहेर रेलिंगला टेकून उभे होते. हातात प्लास्टिकचे फोल्डर. त्यात त्याच जागेचा दुसरा फॉर्म. शेवटच्या दिवसासाठी कॉलेजात बसून पाच वाजेपर्यंतची मुदत मागून घेतली होती. मला पाहून म्हणाले की जावईबापू, फक्त सही आणि मार्कशीट, चला लवकर. बॅगा खाली ठेवायच्या आधी मी सांगितले. मामाजी, मी बी.कॉम. नाही. नववीत शाळा सोडली. खोटे लिहिलेले मला माहीत होते.

त्यांनी चष्मा काढला. कोणती शाळा, कोणते साल, वर्गशिक्षक कोण, असे विचारत गेले, जणू हजेरी घेत होते. मी सगळी उत्तरे दिली. मग म्हणाले की एकतीस वर्षे शिकवले पण असे लिहिणारा एकही पोरगा माझ्या हातून घडला नाही. तुमची पत्रे मी विहारात चार लोकांना वाचून दाखवली, आता त्या चार लोकांकडे कोणत्या तोंडाने जाऊ ते सांगा. त्यांनी मेघाची बॅग उचलली, माझी नाही, आणि गाडीकडे चालू लागले.

मेघा दोन मिनिटे थांबली. काय बोलली ते खाली लिहितो. मग तीही गेली. मी बसने आलो.

दारात आई ओवाळायला ताट घेऊन उभी होती. सून कुठे आहे, असे विचारले. मी तिलाही सगळे सांगितले. ती म्हणाली, काहून सांगितलं गा, कोणी तुले फाशी देऊन राहिलं होतं काय. मग ताट तसेच आत नेले आणि मला जेवायला वाढले.

दुकानात दहाला जायचे आहे. तुझा लोभ आटू देऊ नकोस, आता त्याचीच गरज आहे.

तुझा
प्रशिक

ता. क. हिशोब असा.
सहलीचे पॅकेज : ४६,०००. पैकी माझे ३१,०००, तुझे १५,०००. तुझे दिवाळीपर्यंत देईन.
वादळामुळे वाढलेला खर्च, सगळा मेघाने भरला : लॉज चार रात्री ६,०००; जेवण २,०००; विमानाची तारीख बदलायचे ११,४००. एकूण १९,४००. यातले निम्मे तिचे, असे मी म्हणालो. ती म्हणाली की नाही, पूर्ण तुझ्या नावावर. हे तिने तू म्हणून सांगितले. पैसे फोनवरून पाठवायचे नाहीत. दर महिन्याच्या पाच तारखेला दोन हजार, इंदोऱ्याला, मामाजी घरी असताना, स्वतः आणून द्यायचे.
दहा महिने लागतील. शेवटचा हप्ता चौदाशेचा.