ठिगळाचा आवाज

दि. १४, रविवार, दुपार

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. खरोखर घातला, गॅरेजच्या फरशीवर. पेंटरची पोरगी म्हणाली, "पडलास का रे?"

आम्ही मजेत. बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण गाडीखाली शिरायचं सोडत नाहीत. आई विचारते, नीट जेवतोस ना? तिने हे तीनदा लिहायला सांगितलं, मी एकदाच लिहितो.

आता खुर्ची घट्ट धर. आमची रेकॉर्ड निघाली! आमची म्हणजे माझी, पंक्चरवाल्या टिचकीची आणि पेंटरच्या पोरीची. बँडचं नाव 'ठिगळ'. कुठल्या कंपनीची पायरी चढलो नाही. गॅरेजचं शटर ओढलं, आम्हीच वाजवलं, आम्हीच रेकॉर्ड केलं. ती मडगार्डं बडवते, टिचकी बेस वाजवतो, मी गिटार वाजवतो आणि बोंबलतो. कव्हरं नंबरप्लेटच्या साच्यांनी रंगवली, डब्यांच्या तळाशी उरलेल्या रंगांत. दोनशे कव्हरं, एकासारखं दुसरं नाही. अशी ऐट आहे का कुणाची?

पेपरचा बातमीदारही आला होता. म्हणाला, "हा खरखरीत आवाज काढता कसा? भल्याभल्यांना जमत नाही."

मी म्हटलं, "स्पीकरला रोज सकाळी ग्रीस पाजतो."

त्याने लिहून घेतलं रे! छापलंसुद्धा!

बँड कसा सुरू झाला म्हणाला, तर बोलणाऱ्या गाडीची गोष्ट सांगितली. दोन वर्षांपूर्वीचा रविवार, तू कामावर. गॅरेजात मी आणि बाबा. शाळेचे मास्तर दुरुस्तीला टाकलेली गाडी न्यायला आले. मी बॉनेटखाली स्पीकर दडवून मागच्या खोलीत माईक धरून बसलो. गाडी म्हणाली, "मास्तर, वजन कमी करा, माझी कंबर गेली!" मास्तर चार पावलं मागे. "कोण आहे?" गाडी म्हणाली, "गृहपाठ दाखवा!" बाबासुद्धा हसले, शपथ.

पेपरात एवढंच आलं. पुढचं मी कुणालाच सांगितलं नाही. तुलाही नाही.

तो स्पीकर तुझा होता. तुझ्या गिटारचा. मास्तर धूम ठोकायला गाडीत शिरले, किल्ली फिरवली, आत इंजिनचा पंखा फिरला आणि स्पीकरचा पडदा टरकन फाटला. मी स्पीकर गुपचूप जागेवर नेऊन ठेवला.

संध्याकाळी तू आलास. आदल्याच दिवशी स्पीकरच्या आवाजाला वैतागून बाबा तुला म्हणाले होते, "हे खोकं एक दिवस फोडून टाकीन." तू पडदा बघितलास आणि म्हणालास, "केलंत ना शेवटी?"

मी गाडीखाली उताणा होतो. बाबांना माझे पाय दिसत होते. वाटलं, आता सांगतील. ते नुसते पाना पुसत राहिले. तू बॅग भरलीस, गिटार उचललीस.

मी पाय आत ओढून घेतले.

तू गेल्यावर म्हटलं, स्पीकर नीट करून तुला परत बोलवू. टिचकीने टायरला लावतो तसंच घासून, सोल्यूशन चोपडून पंक्चरचं ठिगळ चिकटवलं. उसनी आणलेली एक गिटार जोडली, तर शंभर मांजरं एकदम भांडल्यासारखा आवाज! मी रडकुंडीला आलो. पेंटरची पोरगी म्हणाली, "बंद नको करू," आणि मडगार्डवर ठेका धरला. बँड असा सुरू झाला, दादा.

काल बाबांना सांगितलं, दादाला सगळं लिहितोय. म्हणाले, "कशाला? चिडलाय माझ्यावर, तर चिडू दे. तुम्हा भावांत भांडण नको."

दोन वर्षं ते याच्यासाठी गप्प आहेत. मला वाटायचं, मीच लय हुशार.

कव्हरच्या मागे आमच्या तिघांच्या नावांखाली चौथी ओळ छापलीय: 'स्पीकर: दादाचा'. तुला न विचारता. लोक त्या आवाजाला टाळ्या वाजवतात तेव्हा छाती फुगते, आणि लगेच तू भरलेली बॅग आठवते.

माझ्यावर पोटभर चिड. शिव्या पत्राने पाठव, जादा तिकीट मी भरीन. बाबांना मात्र फोन कर. दोन ते तीन गॅरेजात जेवणाची सुट्टी असते, फोन तेच उचलतात. तुझा आवाज ऐकून आधी काहीच बोलणार नाहीत.

तू ठेवू नकोस.

तुझा आणि त्यांचा,
धाकटा