रिकाम्या रकान्यातलं ‘नाही’

३ मार्च, सोमवार
जमलं नाही. पुन्हा!

प्रयोगशाळेच्या सर्व्हरकडून रुग्णाचा रिपोर्ट जेसनमध्ये येतो — म्हणजे नुसता मजकूर, महिरपी कंसांत, रकान्याचं नाव आणि पुढे त्याची माहिती. मी कोडमध्ये त्याचं ऑब्जेक्ट बनवायचं. म्हणजे प्रत्येक रकान्याला आधीच बजावून ठेवायचं: तू आकडा, तू मजकूर, तू होय-नाही. मग तो लोकांच्या मोबाइलवर नीट दिसतो. समजलंय असं वाटतं. पण वय कधी आकडा म्हणून येतं, कधी मजकूर म्हणून. वय मजकूर कसं असेल? ऑफिसातल्या मॅडमना विचारलं. “पलीकडचे काय वाट्टेल ते पाठवतात रे. तू तुझ्या बाजूने चोख राहा.” चोख म्हणजे काय करू? पुढे विचारायचं धाडस झालं नाही. नववीत शाळा सुटलेल्याला घेतलंय, हेच पुष्कळ. कायम करायचं की नाही ते महिनाअखेरीला ठरणार.

४ मार्च, मंगळवार
बासष्ट रकान्यांची नावं वहीत उतरवली. स्पेलिंग दोनदा पडताळलं. ॲप तरीही बंद पडतं.

६ मार्च, गुरुवार
सापडलं! काही रकाने रिकामे येतात, तिथे ‘नल’ लिहिलेलं असतं. होय-नाहीच्या साच्यात ते बसत नाही, म्हणून कोड आडवा पडतो. मग मी सगळ्यांची सोय लावली — मजकूर रिकामा तर कोरी जागा, आकडा रिकामा तर शून्य, होय-नाही रिकामं तर ‘नाही’. दिवसभर एकदाही बंद पडलं नाही! मॅडम म्हणाल्या, “वा रे पठ्ठ्या!” पहिल्यांदाच.

पण रिकामे येतातच का? विचारणार होतो. नको म्हटलं, मिळालेली शाबासकी जायची.

१० मार्च, सोमवार
ॲप लोकांच्या हाती गेलं.

१२ मार्च, बुधवार
वहिनीच्या मानेतल्या गाठीचा रिपोर्ट आला. आठवडाभर दादा जेवताना एक शब्द बोलला नव्हता. वहिनीने मोबाइल माझ्यापुढे धरला. “भावजी, तुमचंच ॲप ना? तुम्हीच वाचा.”

‘पुढील तपासणी आवश्यक: नाही.’

दादा हसायलाच लागला! वहिनीने मोठ्या डॉक्टरांची शुक्रवारची वेळ लगेच रद्द केली. “मेल्या गाठीने उगाच जीव टांगणीला लावला!” मग मला, “तुमच्या हाताला यश आहे हो.”

मीही हसलो. पण त्याखाली ‘डॉक्टरांचा अभिप्राय’ कोरा होता. कोरा का?

१३ मार्च, गुरुवार
सगळ्यांच्या आधी ऑफिसात. मूळ जेसन उघडलं. वहिनीच्या त्या रकान्यात ‘नाही’ नव्हतंच — नल होतं. म्हणजे डॉक्टरांनी रिपोर्ट अजून पाहिलेलाच नाही. ‘नाही’ मी घातलं. माझ्या सोयीने!

असे किती? मोजले. सदतीस.

सांगितलं तर नोकरी गेली. गुपचूप दुरुस्त केलं तर? पण ज्यांनी वाचून वेळा रद्द केल्या, त्यांचं काय? तीनदा मॅडमच्या टेबलापाशी जाऊन परत आलो. चौथ्यांदा त्याच म्हणाल्या, “काय येरझाऱ्या घालतोयस? बोल.”

बोललो. त्यांनी स्वतः मूळ जेसन उघडून पाहिलं. “शाबासकी मीच दिली होती,” एवढंच. मग, “फोन लावायला घे. यादीत वरून तू, खालून मी.”

पहिला फोन वहिनीला. “म्हणजे आहे की नाही, भावजी?”
“माहीत नाही, वहिनी.”
“मग काल माहीत नाही असंच का नाही लिहिलंत?”

खरंच, का नाही लिहिलं? आज लिहिलं. रिकाम्याला तिसरं उत्तर दिलं: ‘अजून ठरलेलं नाही.’ वहिनीला डॉक्टरांची वेळ परत मिळाली, पण थेट मंगळवारची.

१५ मार्च, शनिवार
दादा माझ्याकडे बघतही नाही. वहिनी त्याला म्हणाली, “अहो, भावजींनी मुद्दाम केलंय का?” तो पानावरून उठून गेला.

१७ मार्च, सोमवार
मॅडमनी कायम केल्याचं पत्र दिलं. महिनाअखेरीच्या आधीच! “स्वतःहून सांगितलंस म्हणून.” चुकलो म्हणून की सांगितलं म्हणून? काही कळत नाही. घरी कुणाला दाखवलं नाही.

१८ मार्च, मंगळवार
सकाळी वहिनीचा ‘पुढील तपासणी’चा रकाना भरला. ‘होय.’ मूळ जेसनशी तीनदा ताडून पाहिलं. कोड बरोबर आहे.