हुकूम नव्हता

आप्पा, तुमचे सुभेदारसाहेब मंगळवारी घरी आले होते आणि आईने त्यांना उंबऱ्याच्या आत घेतले नाही. तुमचा यावर विश्वास बसणार नाही. सिलिंडर घेऊन येणाऱ्या भैयालाही गूळपाणी दिल्याशिवाय न सोडणारी ही बाई, पण त्या दिवशी तिने एक हात चौकटीवर ठेवला आणि अगदी शांतपणे म्हणाली, "साहब, आप गलत घर आ गए हैं।" साहेबांनी टोपी काढून हातात धरली होती. साठीला टेकलेले आहेत, उजव्या पायाने लंगडतात, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला आहे. ते "जी, भाभीजी" एवढेच म्हणाले आणि जिना उतरू लागले. आईने दार लावले आणि अर्धवट राहिलेली भाकरी थापायला घेतली.

आईच्या लेखी त्या माणसाने तुम्हाला मारले आहे. गेली आठ वर्षे ती पलटणीच्या स्मृतिदिनाला जात नाही, गावच्या पत्त्यावरून फिरून आलेली पत्रे उघडत नाही. तुमच्या तेराव्याला आलेला एक जवान रडता रडता एवढेच बोलून गेला होता, की साहेबांनी हो म्हटले. त्या एका वाक्याभोवती आईने सगळी हकीकत रचली: रस्ता अडला होता, मागे गाड्या खोळंबल्या होत्या, साहेबांनी घड्याळाकडे पाहिले आणि तुम्हाला पुढे पाठवले. मी तिला कधी विरोध केला नाही. मलाही ती हकीकत पटत होती, किंबहुना तिच्यावाचून माझे चालले नसते. हुकूम आला आणि माणूस गेला, यात कोणाला काही विचारायचे उरत नाही.

मी साहेबांच्या मागे गेले. का गेले ते सांगता येत नाही. अनोळखी माणसाशी बोलायचे म्हटले की माझी जीभ अजून टाळ्याला चिकटते, हे तुम्हाला माहीत आहे. ते तेलीबागेच्या चौकात ई-रिक्षाची वाट पाहत उभे होते. मला पाहून म्हणाले, "बिटिया, तुम वही हो न, जो मराठी स्कूल में फर्स्ट आई थी? हवलदार साहब ने पूरी कंपनी को पेड़े खिलाए थे। दो-दो बार।" मी मान हलवली. "अब क्या करती हो?" मी सांगितले, जानकीपुरमच्या पुढे औषधांच्या संशोधन संस्थेत रसायनशास्त्रात पीएच. डी. करते आहे. ते हसले. "लो! मैं वहीं पीछे रहता हूँ चार साल से, और तुम्हें ढूँढता रहा सारे लखनऊ में।" मग हसू विझले. रविवारी आपण मुलाकडे कायमचे राहायला जाणार आहोत, त्याआधी भाभीजींना एक गोष्ट सांगायची होती, असे ते म्हणाले. आणि तिथेच, चहाच्या टपरीच्या बाकावर बसून, त्यांनी ती मला सांगितली.

तुम्हाला कोणी पाठवले नव्हते. रस्त्याखालच्या मोरीत बॉम्ब आहे हे कळल्यावर तो दुरूनच, जागेवर उडवून द्यायचा, असाच हुकूम होता. त्यासाठीचे सामान तयार होते, तारा अंथरून झाल्या होत्या. तुम्ही साहेबांकडे जाऊन म्हणालात, की याच बनावटीच्या बॉम्बने गेल्या महिन्यात शेजारच्या पलटणीचे दोघे गेले आणि तो आतून कसा आहे हे अजून कोणालाच ठाऊक नाही. "बोला, साहब, उड़ा देंगे तो गड्ढा मिलेगा, जवाब नहीं मिलेगा।" साहेबांनी दोनदा नको म्हटले. तिसऱ्यांदा हो म्हटले. "वह हाँ मेरी है, बिटिया, उसका जिम्मा मेरा। लेकिन मैंने भेजा नहीं था।" हे इतकी वर्षे का सांगितले नाही, असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "सोचा, भाभी अपने आदमी से नाराज़ हों, उससे अच्छा मुझसे हों। अब बूढ़ा हो गया हूँ, अब भारी लगता है।"

मग त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. बॉम्बपाशी एकच माणूस जातो, हे मला तुमच्याकडून ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते हे, की तो माणूस तारेच्या फोनवरून बोलत असतो. पुढे काय करणार ते आधी सांगतो, मागे बसलेला ते लिहून घेतो, आणि मग तो हात लावतो. म्हणजे उद्या तो राहिला नाही तरी कोणती गोष्ट करायची नाही हे पुढच्याला कळावे. त्या दिवशी लिहून घेणारे साहेब स्वतः होते. मूळ कागद पलटणीच्या फाइलीत गेला, ही त्यांनी आपल्या हाताने केलेली नक्कल, माथ्यावर 'हवलदार साहब अपनी मर्ज़ी से गए, हुक्म नहीं था' असे लिहिलेली. "तुम पढ़ी-लिखी हो," माझा फोन नंबर लिहून घेत ते म्हणाले. "देना है या नहीं, तुम तय करो।"

आप्पा, त्या कागदावर आकडे घातलेल्या अकरा ओळी आहेत. माती ब्रशने बाजूला करतो. तार दिसली, ती कुठे जाते ते पाहतो. डब्याच्या डाव्या बाजूला काही आहे, हात लावत नाही. अशा एकेक पायऱ्या, एकही शब्द जास्त नाही. घरी चार-चार दिवस 'हं' आणि 'नको' यांच्यापलीकडे न बोलणारा माणूस तिथे प्रत्येक हालचाल आधी बोलून सांगत होता, हे वाचून मला आधी विलक्षण मत्सर वाटला. आणि सातव्या व आठव्या ओळींच्या मधे, आकडा न घातलेली एक ओळ आहे, तीही साहेबांनी प्रामाणिकपणे उतरवली आहे: "बड़ी सफाई से बनाया है, साहब। बनाने वाला कारीगर है।" अकरावी ओळ, झाकण उचलतो. त्याच्या खाली काही नाही.

मी ती मधली ओळ वाचली आणि मला जुन्या लखनौच्या चौक बाजारातला तो दिवस आठवला. बारावीचा माझा निकाल लागला आहे आणि तुम्ही मला चिकनचा, म्हणजे लखनवी भरतकामाचा, दुपट्टा घ्यायला नेले आहे. गल्ली इतकी अरुंद, की समोरून सायकल आली तर आपण भिंतीला पाठ लावतो. मी मोतिया रंगाच्या दुपट्ट्यावर बोट ठेवते. भाव विचारायचे धैर्य माझ्यात नाही, ते तुम्ही विचाराल म्हणून मी वाट पाहते. तुम्ही दुपट्टा उचलता आणि उलटा करता. सुलट बाजू पाहतच नाही. "हे टाके मागून घातलेत," तुम्ही मला म्हणता, जणू काही फार मोठी चोरी पकडली आहे. दुकानाच्या मागच्या खोलीत एक म्हातारी भरतकाम करते आहे. तुम्ही तिच्यासमोर मांडी घालून बसता, सुई कुठून शिरते, गाठ कुठे लपते, विचारत राहता. ती म्हणते, "फौजी भैया, नौकरी छोड़के यही सीख लो, आँखें तेज हैं तुम्हारी।" तुम्ही खो खो हसता. मी तुम्हाला तसे हसताना त्याआधी पाहिलेले नव्हते, पुढेही पाहिले नाही. तासाभराने बाहेर पडलो तेव्हा दुपट्टा तिथेच राहिला होता आणि घरी पोहोचेपर्यंत ते तुमच्या लक्षात आले नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही जाऊन आणलात, पण निळा. मी मोतिया मागितला होता हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही.

आणि तो स्वयंपाकघरातला प्रसंग. आम्ही गावाहून नुकतेच लखनौला आलो होतो. गॅस संपला होता आणि मी पुस्तक काखेत धरून सिलिंडर बदलायला बसले. तुम्ही मागून माझे मनगट धरलेत. "पहिल्या नंबरच्या बाई, हात पुढं आणि तोंड मागं? आधी काय करणार ते बोल. मग हात लाव." मी बोलले, चुकीच्या क्रमाने बोलले. तुम्ही पाच वेळा माझ्याकडून म्हणवून घेतलेत, आई पोळ्यांचे पीठ भिजवून वाट पाहत उभी होती, आणि मी रडले. ती तुमची शिस्त आहे असे मी समजत होते. प्रयोगशाळेत मी आजही तशीच काम करते, बाजूची मुलगी म्हणते, "यार, तू किससे बात करती है?" आता कळले, की तुम्ही मला तुमच्या कामाची भाषा शिकवत होता. दुसरी कोणती भाषा माझ्याशी बोलायला तुम्हाला सापडली नाही.

कागद पिशवीत ठेवून मी घरी आले. आईने विचारले, "काय म्हणत होता?" मी म्हणाले, "काही नाही, कायमचे मुलाकडे जाणार आहेत." "जाऊ दे. मी तेवढी सुटले." मग, तव्यावरची भाकरी उलटून, "तुला एक सांगू? त्यांनी मला शब्द दिला होता. तू पोटात होतीस तेव्हा. म्हणाले, हुकूम आला तर जाईन, नाइलाज आहे. पण आपण होऊन पाऊल टाकायचो नाही. शब्दाचा पक्का माणूस. म्हणून म्हणते, त्या माणसानंच घालवलं. हुकूम नसता तर ते गेलेच नसते." ती हे रागाने म्हणाली नाही, अभिमानाने म्हणाली. तिच्या आठ वर्षांना जो एकच टेकू आहे तो काढून घेणारा कागद मी त्या वेळी पिशवीत घेऊन उभी होते.

लोक मला विचारतात, सैनिक असे जिवावर का उदार होतात. संस्थेतल्या समारंभात, वीरपत्नीची मुलगी म्हणून मला एकदा चार शब्द बोलायलाही सांगितले होते. मी घसा बसल्याचे निमित्त केले. देशासाठी, असे सगळे म्हणतात. तुम्ही त्या कागदावर देशाचे नाव घेतलेले नाही. आमचेही नाही. पुढच्या माणसासाठी, असे साहेब म्हणतात, आणि ते खरे आहे: तुम्ही सांगितलेल्या दहा पायऱ्या आणि न उचलायचे ते झाकण आज शिकवले जाते, त्या बनावटीच्या बॉम्बने त्यानंतर त्यांच्या पलटणीत कोणी दगावले नाही. कुठल्या तरी गावात कोणाचा तरी बाप आज संध्याकाळी चहा पीत बसला असेल, माझ्या बापाच्या अकराव्या ओळीमुळे. त्याच्यासाठी मला आनंद व्हायला हवा. होत नाही. मी त्याच्या मुलीचा दुस्वास करते, आणि तिला मी ओळखतही नाही.

पण ती मधली ओळ पुढच्या माणसासाठी नव्हती, आप्पा. ती तुमची होती. ज्याने तुम्हाला मारायला डबा बनवला, त्याचे हस्तकौशल्य पाहून तुम्ही खूश झालात. त्या म्हातारीसमोर बसलात तसेच तुम्ही त्या मोरीत बसला होता, आणि मला खात्री आहे, की तिथेही मागे कोणीतरी वाट पाहते आहे याचा तुम्हाला विसर पडला होता. शूर माणसाला क्षमा करता येते. आनंदात असलेल्या माणसाला कशी करावी, हे मला कोणत्याही पुस्तकात सापडलेले नाही.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार, मी तो कागद रोज पिशवीत घालून जानकीपुरमला नेला आणि परत आणला. शनिवारी आईने मला हाक मारून जवळ बसवले, केसांना तेल लावले, "तोंड का असं सुकलंय?" असे विचारले. सांगायला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. मी म्हणाले, प्रयोग बिघडतो आहे.

आज रविवार. सकाळी साहेबांचा फोन आला, स्टेशनवरून. मागे गाड्यांच्या घोषणा चालल्या होत्या. "बिटिया, भाभीजी ने पढ़ लिया?" मी म्हणाले, "नहीं अंकल। उनकी तबीयत ठीक नहीं है।" आई तेव्हा गच्चीवर पापड वाळत घालत होती आणि शेजारणीशी हसत होती.  ते म्हणाले, "अच्छा। कोई बात नहीं। खुश रहो।" त्यांनी आग्रह केला नाही. एकदा जरी केला असता तरी मी कदाचित आईला हाक मारली असती.

आईला जपण्यासाठी गप्प राहिले, असे मी तुम्हाला लिहिणार होते आणि इथेच पत्र संपवणार होते. ते खरे नाही. हा माणूस निर्दोष आहे, तो आमचा राग आठ वर्षे आपण होऊन वाहतो आहे, त्याला या घरचे घोटभर पाणी हवे होते, हे सगळे मला नीट कळत होते. आणि तरी फोन ठेवला तेव्हा मला हायसे वाटले. तुमच्यावर रागावण्यापेक्षा त्यांच्यावर रागावणे सोपे आहे, आप्पा. मला ते अजून काही वर्षे हवे आहे.