प्रात्यक्षिकातली पेशंट

३ ऑगस्ट

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तू माझ्या तब्येतीची चौकशी अशी कलमवार करतेस की उत्तराखाली सही-शिक्का मारावासा वाटतो. तू वृद्धांच्या शुश्रूषागृहांची तपासणी करणाऱ्या खात्यात आहेस हे मान्य, पण आत्याला तरी त्यातून वगळ. मी ठणठणीत आहे. दुसऱ्या मजल्यावरची खोली आहे, खिडकीखाली शाळेचं पटांगण आहे आणि सोबतीला मास्तरीणबाई आहेत. त्या पेपर मोठ्याने वाचतात, मी मधूनमधून शेरे मारते. दुपार कधी सरते ते कळत नाही.

इथली बातमी म्हणजे तुझ्या खात्याच्या नव्या नियमाने सगळ्यांची तारांबळ उडाली आहे. प्रत्येक सेविकेने महिनाअखेरपर्यंत प्रमाणपत्र मिळवायचं, नाहीतर घरी बसायचं. लेखी परीक्षा झाली. प्रात्यक्षिक राहिलंय, आणि त्यात पेशंट म्हणून इथल्याच कुणीतरी बसायचं. आमच्या मजल्यावरच्या सेविकेला मी लगबग म्हणते, कारण तिला सावकाश चालताना कुणी पाहिलेलंच नाही. तिची पेशंट मी. खुर्चीतून उठता न येणाऱ्या म्हातारीचं सोंग वठवायचं आहे. शिवणकामात, कापड कमी पडतंय हे दिसत असूनही गिऱ्हाइकाला बिनघोर घरी पाठवण्यात माझा जन्म गेला, मला हे काय जड जाणार.

पोर गुणी आहे. रोज सकाळी मेट्रनबाईंची फेरी व्हायच्या आत मला हात द्यायला येते. फक्त हल्ली सुटत चालली आहे. गणवेश कमरेला इतका ताणतो की शिवण उसवेल एक दिवस. आण, थोडा सोडून देते म्हटलं, तर लाजून पळाली.

परीक्षक मार्क कशाला देतात तेवढं कळव. हे काही पेपर फोडणं नव्हे. माझा जीव तुझ्यात गुंतलेला आहे हे ध्यानात ठेवून उत्तराला उशीर करू नकोस.

तुझी,
आत्या


९ ऑगस्ट

ती. आत्यास सा. न. वि. वि.

मार्कांचं काही गुपित नाही, पुस्तिकेत छापलेलं आहे. आधी आपलं नाव सांगायचं, हात लावू का म्हणून विचारायचं. मग मुख्य प्रश्न: पाय टेकून स्वतः उठता येईल का? उत्तर नाही असं आलं तर एकटीने उचलायचं नाही, दुसरीला बोलवायचं. निम्म्या मुली इथेच नापास होतात. सवयीने एकट्याच उचलायला जातात.

आता माझा प्रश्न. ‘हात द्यायला’ म्हणजे नेमकं काय? आणि मेट्रनबाईंच्या फेरीच्या आत कशासाठी? दुसऱ्या मजल्यावर फक्त स्वतः उठू शकणाऱ्यांना ठेवतात. आग लागली तर लिफ्ट बंद होते, म्हणून. हे तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे.

आणखी एक. माणूस सुटतं ते सगळीकडून सुटतं, नुसतं कमरेला नाही, हे मी तुला सांगायचं का? अशा कमरा मी तपासणीत पुष्कळ बघते. आत पट्टा असतो. पाठ धरली की बांधतात तो.

खरं काय ते लिही. मी रागावणार नाही. रागावले तरी तू कुठे घाबरतेस.

तुझ्या आशीर्वादाची आणि खऱ्या उत्तराची वाट पाहणारी,
टिटवी


१३ ऑगस्ट

चि. टिटवीस आशीर्वाद.

बापावर गेलीस. तोही असाच पिच्छा सोडायचा नाही.

उन्हाळ्यापासून माझे पाय साथ देत नाहीत. कुणी उभं केलं तर काठी धरून चालते, पण उभं राहणंच जमत नाही. लगबग काखेत हात घालून उचलते, आणि पुन्हा लागेल तेव्हा काहीतरी निमित्त काढून येते. मेट्रनबाईंना सांगू नकोस म्हणून मीच तिला गळ घातली. ती भिडस्त, नाही म्हणवलं नाही.

मला खाली तळमजल्यावर जायचं नाही. मास्तरीणबाईंना लिफ्टची धडकी भरते आणि जिना उतरल्या तरी पुन्हा चढणं त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही. मी खाली गेले की आमची गाठ पडणं संपलंच. या वयात नवं माणूस जोडायचं म्हणजे पहिल्यापासून सगळं सांगत बसायचं, आणि माझ्यात तेवढं सांगण्याचं बळ उरलेलं नाही.

पट्ट्याचं विचारलं. हसली, म्हणाली, सगळ्याच बांधतात. इतकी कापडं माझ्या हाताखालून गेली आणि एवढं मला दिसू नये, याची लाज वाटली.

शुक्रवारच्या प्रात्यक्षिकाची मला काळजी नाही. तिथे सोंगच करायचं आहे, त्यामुळे खरं कुणाला कळणार नाही. तू फक्त मेट्रनबाईंच्या कानावर एक शब्द घाल. एक म्हातारी वरच राहिली तर तुझ्या खात्याचं काय बिघडणार आहे?

तुझ्यावर हक्क आहे म्हणून मागते, तो हक्क राहू दे.

आत्या


१७ ऑगस्ट

ती. आत्यास सा. न. वि. वि.

मी शब्द टाकणार नाही. हे वाक्य चार वेळा लिहून खोडलं.

तू खाली जाण्याचं दुःख मला कळतं. माझं घर बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावर नसतं तर तुला केव्हाच घेऊन आले असते. पण लगबगच्या बाजूनेही जरा बघ. आजवर ती एकटीने उचलत होती ती शिकलेली नव्हती म्हणून, असं निदान म्हणता तरी येईल. प्रमाणपत्र मिळाल्यावर तेच उघडकीला आलं तर ते रद्द होईल आणि तिला कुठल्याच शुश्रूषागृहात काम मिळणार नाही. आणि उघडकीला नाही आलं, तर तिची पाठ कायमची जाईल.

खरं तर मी आजच कळवायला हवं. कळवत नाही, आणि त्याने मला अन्न गोड लागत नाही. महिनाअखेरपर्यंत मी तुझी भाची आहे. त्यानंतर मला खात्यातली बाई व्हावं लागेल. तशी वेळ तू माझ्यावर आणू नयेस असं फार वाटतं.

राग आला तरी मला टाकू नकोस.

टिटवी


२९ ऑगस्ट

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद.

लगबग पास झाली. आधी हे सांगितलं, आता बाकीचं निवांत वाच.

परीक्षक तरुण होता, सर्दीने बेजार झालेला. खोलीत मेट्रनबाई, मास्तरीणबाई आणि फुकटचा तमाशा बघायला शेजारच्या दोघीतिघी. लगबग त्या दिवशी लगबग नव्हतीच. समोर बसली, नाव सांगितलं, हात लावायची परवानगी मागितली. मग माझ्याकडे बघून विचारलं की, पाय टेकून स्वतः उठता येईल का. इतके महिने उचलत होती, पण हे तिने कधी विचारलं नव्हतं आणि मीही कधी तोंडाने म्हटलं नव्हतं. उत्तर पाठ होतं, तरी मी आधी पदराची कड चाचपत बसले. शेवटी म्हणाले, नाही, मला उठता येत नाही. तिने परीक्षकाला सांगितलं की हे एकटीचं काम नव्हे. दुसरीला बोलावलं आणि दोघींनी मला उभं केलं.

परीक्षकाने नाक पुसत माझीच तारीफ केली. म्हणाला, इतकं हुबेहूब सोंग आजवर पाहिलं नव्हतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात मास्तरीणबाईंनी, कारण त्यांना खरं माहीत होतं. मुलगी पास झाली, खोलीही राहिली. मी नुसतं गप्प बसायचं होतं. आणि खोटं कशाला बोलू, मी बसलेही होते.

तेवढ्यात माझी उशी खाली पडली. लगबग ती उचलायला वाकली आणि अर्ध्यावर अडकली. पलंगाची दांडी धरून, ओठ आवळून हळूहळू वर आली. टाळ्यांच्या नादात ते कुणी पाहिलं नाही. मी मेट्रनबाईंना सांगितलं की हे सोंग नव्हतं. टाळ्या एकेक करून थांबल्या. मास्तरीणबाईंच्या सर्वांत शेवटी.

मेट्रनबाईंनी लगबगला आणि मला वेगवेगळं बसवून खरडपट्टी काढली. लगबगला ताकीद मिळाली आणि पाठ दाखवायला रजाही मिळाली. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. माझ्यासाठी एवढं सोसलं आणि मीच बिंग फोडलं, असं तिला वाटलं असणार. आता बोलते.

सोमवारी मला खाली आणलं. खोली धुलाईघराला लागून आहे, यंत्रांची घरघर दिवसभर चालू असते. खिडकीतून दिसते ती भिंत. मास्तरीणबाई अजून आलेल्या नाहीत. निघताना त्यांनी पेपर तोंडासमोर धरला होता, पण वाचत नव्हत्या. दुपार आता फार लांबते. तुझा नियम चुकीचा आहे असं म्हणवत नाही, आणि त्याबद्दल तुला शाबासकीही देववत नाही.

पण एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. काल सकाळी दोघींनी मला उभं केलं तेव्हा मला समोरचं कपाट दिसलं, त्यावरचा आरसा दिसला, आरशात मी दिसले. वर असताना उठताना कधी काही दिसल्याचं आठवेना. मग ध्यानात आलं, की एकटी लगबग मला उचलायची तेव्हा आता दोघी पडणार म्हणून मी रोज डोळे गच्च मिटून घेत होते.

आशीर्वाद आहेतच. जमेल तेव्हा येऊन जा.

तुझी,
आत्या