अकरा लाल डोळे आणि आल्बिनावहिनींचे फुगे

गास, मंगळवार

आदरणीय हेलनताईस,

धाकट्या प्लासिडचा जय येशू. भावजींचा गुडघा आता जिना चढू देत असेल आणि लेकीच्या, एलिसाच्या लग्नाची धावपळ तुझ्या रक्तदाबाला मानवत असेल, अशी आशा करतो. आम्ही बरे आहोत, फक्त बरे दिसत नाही.

गावात डोळे आलेत. नजरेला नजर भिडली की डोळे येतात अशी सगळ्यांची समजूत, त्यामुळे माणसं काळे चष्मे लावून एकमेकांकडे पाठ करून बोलतात. मी डॉक्टर नाही (बारावीनंतरचं सगळं स्वतः वाचून शिकलो, म्हणून ते पक्कं आहे), पण रविवारी मिसा सुटल्यावर चर्चच्या अंगणात मी स्पष्ट सांगितलं: नजरेतून काही उडत नाही. आजारी डोळ्याचं पाणी बोटाला लागतं, बोट टॉवेलला, कडीला, आणि तिथून दुसऱ्याच्या डोळ्यात. दोष हाताचा.

नुसतं बोलून मी थांबत नाही, हे तू जाणतेस. गेल्या बुधवारी राजोडीला आपल्या बॅप्टिस्टचा डोळा लाल झाला होता, तो मी अंगठ्याने पापणी ओढून नीट पाहिला, आणि तसाच परतून गावात घरोघरी तपासणी सुरू केली. वहीत रकाने आखले: नाव, तारीख, त्याआधी कोणाशी संपर्क, तपासणी कोणी केली. (आल्बिनावहिनी ओरडल्या, "प्लासिड, डोळा आहे माझा, वाल सोलत नाहीस तू!" अशा अडाणीपणातूनच साथी वाढतात.) शनिवारपर्यंत अकरा जणांचे डोळे आले, त्यात वहिनीही. त्या राजोडीहून मासळी आणतात, म्हणजे साथ त्यांनीच आणली, हे मी अंगणात जाहीर केलं. माझ्या शब्दावर तू लग्नाचे फुगे तळायचं काम त्यांच्याकडून काढून घेतलंस, ते योग्यच झालं. फुग्यांचं आंबवलेलं पीठ हाताने फेटतात, हातानेच गोळे तेलात सोडतात. गेली वीस वर्षं आपल्या घरच्या प्रत्येक लग्नाचे फुगे त्यांनीच केले हे खरं, पण शास्त्राला नातं नसतं.

तुझा आज्ञाधारक भाऊ,
प्लासिड

ता.क. : पाकीट जिभेने नाही, डिंकाने चिकटवणार आहे. निश्चिंत उघड.

ता.क. २ : पाकीट चिकटवण्याआधीच तुझा फोन आला, की एलिसाचे डोळे आलेत. ती रविवारी पत्रिका द्यायला आली, तेव्हा वहिनींच्या दारातही गेली नव्हती. फक्त माझ्याकडे चहा घेतला. (तिचाही डोळा मी तपासला होता, क्रमांक बारा.) मी वही पुन्हा उघडली. 'संपर्क' आणि 'तपासणी' या दोन्ही रकान्यांत बाराही ठिकाणी एकच नाव आहे, माझं. मला ते तपासनिसाची सही वाटत होतं.

ता.क. ३ : लग्नाला अजून सोळा दिवस आहेत, तोवर एलिसाचा डोळा निवळेल. पत्र लिहिलं ते यासाठी समज : फुग्यांचं काम वहिनींना परत दे. मी त्यांच्या दाराशी जाऊन चूक कबूल केली. त्या खिडकीतूनच म्हणाल्या, "डोळा आठ दिवसांत निवळतो रे. तू अंगणात बोललास ते कधी निवळायचं?" यावर माझ्या वाचनात काही आलेलं नाही. तू त्यांना फोन कर. अंगणात मी रविवारी पुन्हा उभा राहीन, हात खिशात घालून.