दोघांचं कुलूप

दि. ४ जून

ती. आईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. निघताना दारात तू जे विचारलंस त्याचं धड उत्तर न देताच गाडीत बसले, ते आता लिहिते.

ज्याचा आतला सगळा मजकूर कुणीही वाचू शकतं ते सुरक्षित कसं, असं तुझं म्हणणं. अगं, बाबांच्या संगणकावरची जुनी सिस्टीम बनवणाऱ्या कंपनीने तिची डागडुजी बंद केली होती. म्हणून तर कुणीतरी आत शिरून त्यांच्या नावाने नातेवाइकांना भलतंसलतं लिहिलं. मामी अजून रुसलीय. आता बसवलेली सिस्टीम खुली आहे. जगभरची माणसं तिचा कोड वाचतात, चूक दिसली की बोंब मारतात आणि दुरुस्तही करतात. चुका हिच्यातही असतात, पण त्या झाकून ठेवणं अवघड. अडचण एवढीच की अडलं तर फोन करायला कंपनीचं ऑफिस नाही. मी आहे, आणि इंटरनेटवरची भली परकी माणसं आहेत.

आणखी एक. सगळ्या डिस्कलाच कुलूप घातलंय. चालू केल्यावर बाबांनी स्वतः ठरवलेलं परवलीचं वाक्य टाकायचं. ते चुकलं तर मलाही उघडता येणार नाही. गळ्याच्या ऑपरेशननंतर ते टाइप करतात आणि संगणक बोलतो, म्हणजे आता तोच त्यांचा आवाज. म्हणून इतकी काळजी. इथे ग्रंथालयातले संगणक सांभाळायचा मला पगार मिळतो, पण त्यांना मी एवढं जपत नाही.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझी,
बबी

दि. १९ जून

चि. बबीस,
अ. उ. आ.

तुझ्या खुल्या सिस्टीमने आधी माझा जीव खाल्ला. खालची पट्टी वर गेली, छापायचं बटण कुठे दडून बसलं देव जाणे. प्रिंटर तर आठवडाभर नव्या सुनेसारखा गप्प होता. ह्यांनी मात्र चिकाटी सोडली नाही. छापखान्यात फोरमन होते तेव्हा बिघडलेल्या यंत्रापुढे जसे बसायचे, तसे बसले आणि एकदाचा कागद बाहेर काढलाच.

नवा आवाज सर्दी झालेल्या हवालदारासारखा आहे. काल त्या आवाजात मला म्हणाले की आमटीत मीठ कमी आहे. इतकं हसू आलं की वाद घालायचा राहून गेला. घरात पुन्हा बोलणं सुरू झालंय, बबी. त्याबद्दल तुला सगळं माफ.

वेळेवर जेवत जा.

तुझी,
आई

दि. ८ जुलै

चि. बबीस,
अ. उ. आ.

हे पत्र मिळाल्यावर फोन करू नकोस. घर एवढंसं, ह्यांना सगळं ऐकू जातं.

परवा संगणकाने नवी दुरुस्ती घेतली, बंद होऊन चालू झाला आणि कुलूप उघडेना. ह्यांनी वाक्य टाकलं, चूक. पुन्हा टाकलं, चूक. पडद्यावर नुसते ठिपके उमटतात, काय चुकतंय ते कळायला मार्ग नाही. संध्याकाळपर्यंत खुर्चीतून उठले नाहीत. मग पाटीवर लिहून दाखवलं की आवाज गेला, आता डोकंही चाललं.

तेव्हापासून पाटीलाही हात लावत नाहीत. काल दुधवाल्याने काही विचारलं तर माझ्याकडे बोट दाखवून आत निघून गेले. ऑपरेशनच्या आधी तुझ्या भाच्यासाठी वाचून ठेवलेल्या गोष्टी, त्यांच्या खऱ्या आवाजातल्या, त्या डिस्कवरच आहेत. तू दुसरीकडे उतरवून ठेवायला सांगितलं होतंस, उद्या करू म्हणत राहून गेलं.

चोराला बाहेर ठेवलंस ते बरंच केलंस गं. पण घरचा माणूसही बाहेरच उभा आहे.

ह्यांचं डोकं शाबूत आहे. मी रोज बघते ना. तू काहीतरी कर.

तुझी,
आई

दि. १३ जुलै

ती. आईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. मदत करणाऱ्यांच्या गटात प्रश्न टाकला. कोण कुठल्या देशातली बाई, तोंडओळखही नाही, पण तिचं लगेच उत्तर आलं की तिच्या वडिलांच्या संगणकावरही हेच झालं.

बाबांना हे वाचून दाखव. त्यांची काहीही चूक नाही. त्या दुरुस्तीने कुलपाच्या पडद्यापुरती कीबोर्डची मांडणी बदलली. दोन अक्षरांची अदलाबदल झालीय. त्यांच्या छापखान्याच्या भाषेत सांगायचं तर अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याच्या दोन खणांतला माल कुणीतरी आपसात बदलला. सोबतच्या चिठ्ठीवर ती दोन अक्षरं लिहिली आहेत. वाक्यात पहिलं आलं की दुसरं दाबायचं, दुसरं आलं की पहिलं. चूक बनवणाऱ्यांना कळवली आहे, ते दुरुस्त करतायत.

उघडलं की गोष्टी आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवा. मग बाबा म्हणतील तर मी येऊन कुलूपच काढून टाकते. मला चोरांची इतकी भीती वाटली, की बाबा ते रोज कसं उघडतील याचा विचारच केला नाही.

नाहीच उघडलं तर मिळेल त्या गाडीने निघते.

तुमच्या दोघांची,
बबी

दि. २२ जुलै

चि. बबीस,
अ. उ. आ.

उघडलं.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं. खणांपाशी आले तेव्हा ह्यांनी ते माझ्या हातातून ओढूनच घेतलं. तडक जाऊन बसले. मी मुद्दाम खिडकीपाशी जाऊन पडदा नीट करत बसले. मग मागून तो हवालदार बोलला की चहा टाक. मी पदराने तोंड झाकून रडले, आणि मग चहा टाकला.

गोष्टी दोन ठिकाणी उतरवून झाल्या. ती दोन अक्षरंही नव्या दुरुस्तीने आपापल्या जागी आली. त्या परक्या बाईला ह्यांनी आभाराचं लांबलचक पत्र लिहिलंय, ते तिच्या भाषेत तूच घालून पाठव.

कुलूप काढायला मात्र ह्यांचा साफ नकार. कंपनीने दार उघडं टाकलं तेव्हा काय झालं ते पाहिलंय, असं म्हणाले. पण या कुलपाला दुसरी किल्ली, म्हणजे आणखी एक वाक्य, लावता येते, हे त्यांनी कुठेतरी वाचून काढलं आणि स्वतःच ती लावली, माझ्यासाठी. काल मला खुर्चीत बसवलं आणि उघड म्हणून खूण केली. वाक्य काय ते सांगायला तयार नाहीत. पाटीवर एवढंच लिहिलं की छापखान्याच्या फाटकाशी, यंत्रं चालू असताना.

लग्न ठरल्यावर मी तिथे एकदाच गेले होते. आत एवढा खडखडाट, तरी धीर करून ह्यांना एक वाक्य बोलले होते. ह्यांनी नुसती मान हलवली आणि आत गेले. ते ऐकूच गेलं नाही, असं मी आजवर समजत होते.

मी ते टाइप केलं. पहिल्याच फटक्यात उघडलं.

काय होतं ते विचारू नकोस. ह्यांचाही तुला आशीर्वाद.

तुझी,
आई