उणे आठ

सर, तुमची वही तपासायला माझ्याकडे आली, म्हणून लिहिते आहे. नाहीतर तुम्हाला लिहिण्याचं मला काही कारण नव्हतं.

शाळेच्या महोत्सवासाठी तुमच्या बीजगणिताच्या वहीचं पुस्तक होतंय. एसटी स्टँडजवळच्या डीटीपीवाल्याने ती कॉम्प्युटरवर जुळवली, आणि समितीचे कार्यवाह वही आणि मुद्रितं दोन्ही घेऊन माझ्या पडवीत आले. "बाई, ऱ्हस्वदीर्घ तेवढं बघा. गणितं सरांची आहेत, त्यात बघण्यासारखं काय असणार?" मराठीच्या निवृत्त बाईला एवढंच सांगतात. मी चहा दिला.

मुद्रितातलं अपूर्णांक घातांकांचं प्रकरण मी आधी उघडलं. क्षचा दोन-तृतीयांश घात बरोबर चार. हेच उदाहरण होतं. अकरावीचा वर्ग, पावसाने ओल धरलेला फळा, चाळीस मुलं आणि आम्ही पाच मुली. तुम्ही दोन्ही बाजूंना तीन-द्वितीयांश घात चढवता आणि क्ष बरोबर आठ लिहून खडू ठेवता. मी उठते, फळ्यापाशी जाते आणि आठच्या खाली उणे आठ लिहिते. तुम्ही चष्म्यावरून बघता. "अगो, हे उणे कुठून आणलंस? आजोळाहून?" वर्ग हसतो. मी म्हणते, सर, ताळा करून बघा, उणे आठचं घनमूळ उणे दोन, त्याचा वर्ग चार. तुम्ही ताळा करत नाही. "पूस," म्हणता. चुकलेलं उत्तर डस्टरने नाही, तळहाताने पुसायचं, हा तुमचा नियम. हाताला लागलं की डोक्यात जातं, म्हणायचात. माझं उत्तर चुकलेलं नव्हतं, तरी मी पुसलं. ओल्या फळ्यावर ते नीट पुसलंही गेलं नाही, तर तुम्ही दोनदा पुसायला लावलंत.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी विसरले असते. त्या मे महिन्यात तुम्ही आमच्या खळ्यात बसून फणसाचे गरे खाल्लेत आणि बाबांना सांगितलंत, "मुलगी हुशार आहे हो, पण उद्धट. गणित तिचं नव्हे. भाषा द्या तिला." बाबा आंब्याच्या कलमांतले, त्यांना बीजगणित काय ठाऊक? सर म्हणतात ना, मग झालं. मी आत गऱ्यांतल्या आठळ्या वेगळ्या करत होते, सगळं ऐकू येत होतं. मी बी.ए. केलं, मराठी घेऊन. तीस वर्षं मुलांच्या निबंधांत 'आणि'चा णि बघितला. कॉलेजात गणिताच्या वर्गावरून जाताना भराभर पावलं उचलायचे, ते अजून आठवतं. तुम्ही मंडईत भेटायचात. "काय मराठीच्या बाई, बरं ना?" बरं आहे, सर.

मुद्रितात आठ हे एकच उत्तर होतं. पहिला विचार आला तो असा, की तसंच राहू द्यावं. पुस्तकावर तुमचा फोटो, आत तुमची चूक, आणि पुढच्या वर्षी कुठल्यातरी बारक्या कारट्याने ती भर वर्गात दाखवावी. दोन दिवस मला त्या कल्पनेने बरं वाटलं. मग सुचलं, की तसं होणार नाही. कारटं उणे आठ लिहील आणि कुणीतरी मास्तर हे पुस्तक दाखवून त्याला पुसायला लावील. तेव्हा मूळ पानाशी ताडून दुरुस्ती करावी म्हणून मी वही उघडली.

शाईत आठ. बाजूला समासात पेन्सिलीने, तुमच्याच अक्षरात: '−८ सुद्धा. ताळा जुळतो. ती बरोबर होती.'

डीटीपीवाल्याने पेन्सिल सोडून दिली होती. हे तुम्ही कधी लिहिलंत, सर? त्याच संध्याकाळी, की पेन्शनीत निघाल्यावर? गरे खाण्याआधी की नंतर? फळ्यावर चाळीस मुलांदेखत पुसायला लावायचं आणि कबूल करायचं ते समासात, खोडरबराने जाईल अशा पेन्सिलीने. हे छापलं तर लोक म्हणतील, केवढा मोठा माणूस! तो मोठेपणा मी तुम्हाला मिळू देणार नाही. मुद्रितात लाल शाईने उणे आठ घातलं आणि खाली तळटीप दिली: मूळ वहीत हे उत्तर नाही; तपासनीसाने घातले आहे.

कार्यवाह आज येऊन गेले. "बाई, गणितात चूक काढलीत? सरांची?"

"सरांची."

त्यांनी वही चाळली. "हे पान दिसत नाही ते?"

"वही जुनी आहे," मी म्हटलं. मी आयुष्यात कॉपी करणाऱ्या एकाही पोराला सोडलेलं नाही, सर. ते पान मी पट्टी धरून कापलं आहे. जाळणार होते. जाळवलं नाही.

पावती मीच लिहिली: मुद्रिते तपासून, सर्व पाने. हस्तलिखित वही एक, एक पान कमी. दिली.